पोच मिळाली, पण निरोप?



आमच्या घरातून कुणीही परगावी निघालं की अम्मी उंबऱ्यापर्यंत यायची आणि एकच सांगायची, ‘पोचलास की खुशालीचं पत्र टाक.’ पोस्टकार्डावर दोन ओळी असल्या तरी तिला चालायच्या. पण ते कार्ड हातात पडेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण पाठवलं, आपलं काम झालं. वाट पाहणाऱ्याच्या लेखी मात्र निरोप पोचेपर्यंत काहीच झालेलं नसतं. या दोन वाटण्यांमधल्या अंतराविषयी मला आज बोलायचं आहे. विषय मात्र पत्रांचा नाही, संगणकांचा आहे.

कवितेच्या माणसानं संगणकावर बोलावं हे जरा अवघडच. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. संगणकाशी माझी ओळख कविता टाइप करण्यापुरती. पण मुलगी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये ती घरी आली होती. मी सहेरीला उठलो तर ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली आणि ताट तसंच झाकलेलं. विचारलं, ‘काय झालं गं?’ तर म्हणाली, ‘अब्बा, काफ्का पडलाय.’

माझ्या माहितीतला काफ्का १९२४ सालीच गेला. प्रागमधल्या विमा कार्यालयात नोकरी करून रात्री लिहिणारा तो मोठा लेखक. मरणाला टेकलेल्या सम्राटानं एका सामान्य माणसाला धाडलेला निरोप राजवाड्याबाहेरही पडू शकत नाही, अशी त्याची एक छोटी गोष्ट आहे. तेव्हा काफ्का पडला म्हणजे नेमकं काय झालं, हे मला कळेना. पुढे कळलं, की निरोपांची ने-आण करणाऱ्या एका संगणक प्रणालीचं नाव काफ्का आहे. लिंक्डइन या अमेरिकन कंपनीत जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ती तयार केली आणि २०११ साली सर्वांना खुली केली. क्रेप्स यांना साहित्याची आवड. लिहिण्याच्या कामासाठी बनवलेल्या यंत्रणेला लेखकाचंच नाव शोभेल, असं त्यांना वाटलं. नेहा नारखेडे पुण्याच्या, पदवीपर्यंतचं शिक्षणही तिथंच. म्हणजे प्रागचा लेखक, कॅलिफोर्नियातली कंपनी आणि आपलं पुणं अशी ही नाळ जुळलेली आहे.

आता ही यंत्रणा करते काय? सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी डोळ्यांपुढे आणा. पेशंट एकदम येतात, डॉक्टर एकेकालाच तपासतात. खिडकीवरचा माणूस कागद घेतो, नंबर देतो आणि कागद ओळीनं लावून ठेवतो. त्यामुळे येणाऱ्याला ताटकळत दारात उभं राहावं लागत नाही आणि डॉक्टरलाही आपल्या गतीनं काम करता येतं. संगणकांच्या जगात या ओळीला मेसेज क्यू म्हणतात. तुम्ही मोबाइलवरून औषध मागवता, तेव्हा तुमची मागणी आधी अशा ओळीत जाऊन बसते. मग कोठार, बिल, पोचवणारा मुलगा असा एकेक विभाग ती उचलतो.

रांगेचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली त्यावरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्या गणिताचं सार असं, की खिडकीची ताकद आणि येणारी गर्दी जवळजवळ सारखी झाली, की रांग हळूहळू नाही, भसाभसा वाढते. पुढे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या एका संगणकभाषेला त्यांचंच नाव मिळालं. रॅबिटएमक्यू नावाची दुसरी प्रसिद्ध निरोपयंत्रणा २००७ साली आली, ती याच भाषेत लिहिलेली.

रांग एकाच यंत्रावर असली आणि ते यंत्र बंद पडलं, तर सगळे कागद गेले. म्हणून तीन-चार यंत्रांचा गट करतात, त्याला क्लस्टर म्हणतात. त्यातलं एक यंत्र पुढारी. निरोप त्याच्याकडे येतो आणि बाकीची यंत्रं त्याच्याकडून नक्कल उतरवून घेतात. इथंच खरा प्रश्न उभा राहतो. निरोप पाठवणाऱ्याला ‘मिळाला’ अशी पोच द्यायची कधी?

आपल्या टपालखात्यानं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. साधं कार्ड लाल पेटीत टाकलं की विषय संपला, पोच नाही. दुसरी होती यूपीसी. पोस्टाच्या खिडकीवर शिक्का मारून मिळे, म्हणजे कागद पोस्टापर्यंत आला एवढं सिद्ध होई. पुढचं अल्लाच्या हवाली! ही सोय २०११ साली बंद झाली. आणि तिसरी रजिस्टर ए.डी. घेणाऱ्याची सही असलेलं गुलाबी कार्ड आपल्याकडे परत यायचं. रजिस्टर पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. आता मोबाइलवर तेच आहे. एक खूण म्हणजे निरोप मधल्या यंत्रापर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला, निळ्या झाल्या म्हणजे त्यानं वाचला.

काफ्काला निरोप देतानाही अशाच तीन तऱ्हा निवडता येतात. पोच नकोच, ही पहिली. पुढाऱ्यानं घेतला की पोच द्यावी, ही दुसरी. आणि सर्वांनी नक्कल उतरवून घेतल्यावरच पोच द्यावी, ही तिसरी. तुम्ही म्हणाल, यात निवडायचं काय? नेहमी तिसरीच घ्यावी. मीही मुलीला हेच म्हटलं होतं. ती म्हणाली, ‘अब्बा, प्रत्येक पत्र रजिस्टर करायला पोस्टाच्या रांगेत कोण उभं राहील?’

वेळेचा हा हिशेब आपल्यालाही समजण्यासारखा आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. एक नक्कल दिल्लीला ठेवायची आणि तिची पोच येईपर्यंत थांबायचं, तर केवळ जाण्यायेण्यातच सेकंदाचा शंभरावा भाग खर्च होतो. वाचताना हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण एकाची पोच आल्यावरच दुसरा निरोप पाठवायचा असं ठरवलं, तर सेकंदाला शंभर निरोपही जाणार नाहीत. उलट यंत्रं एकाच इमारतीत ठेवली तर काम झटकन होतं, पण इमारतीलाच काही झालं की सगळंच गेलं. अंतरानं सुरक्षितता मिळते आणि त्याच अंतरामुळे वेग जातो. कितीही पैसा ओतला तरी प्रकाशाला कुणी पळवू शकत नाही.

यावर एक तोड आहे, ती आपल्याकडच्या वडापवाल्यांना ठाऊक आहे. एकेका माणसासाठी जीप सोडायची नाही, भरली की सोडायची. निरोपही असे गठ्ठ्यानं पाठवतात. फेऱ्या कमी होतात, दिवसभरात माणसं जास्त पोचतात. पण पहिला येऊन बसलेला प्रवासी जीप भरेपर्यंत उन्हात घामाघूम होतो. म्हणून एस.टी.सारखी वेळही ठरवून देतात, की इतका वेळ थांब, मग भरो न भरो, निघ. एकूण किती गेले हा एक वेग, आणि एकाला किती वेळ लागला हा दुसरा. कार्यक्षमता म्हणताना आपण या दोहोंची गल्लत करतो. वडापचा मालक खूश असतो, तेव्हा पहिला प्रवासी खूश असेलच असं नाही.

आणखी एक मेख आहे. यंत्रानं निरोप ‘घेतला’ म्हणजे कुठं घेतला? संगणकाच्या चालू स्मृतीत, की कायमच्या डिस्कवर? स्मृतीत ठेवणं झटपट होतं, पण वीज गेली की पाटी कोरी. प्रत्येक निरोप डिस्कवर पक्का लिहायचा तर दरवेळी थांबावं लागतं. काफ्का मुळात असं थांबत नाही. त्याची भिस्त नकलांवर असते. एक यंत्र विसरलं तरी दुसऱ्याला आठवेल, हा हिशेब. हिशेब चुकीचा नाही, पण तिन्ही यंत्रं एकाच मीटरवर असतील तर तो कोसळतो. आपल्या भागानं भारनियमन सोसलं आहे. शेजाऱ्याच्या भरवशावर मेणबत्ती न आणणाऱ्याचं काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता त्या रात्रीकडे येतो. मुलीच्या कंपनीत औषधांच्या मागण्या या रांगेतून जात. तीन यंत्रं, तीन नकला. नियम कडक लावलेला, की सर्वांनी नक्कल घेतल्यावरच पोच द्यायची. तरीही मागण्या हरवल्या. कशा, ते ऐका. काफ्कामध्ये ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ सगळी यंत्रं असा नाही. ‘जी सध्या पुढाऱ्याच्या बरोबरीनं चालत आहेत ती सर्व’ असा आहे. जे मागं पडतं, त्याचं नाव यादीतून काढलं जातं. त्या रात्री जाळ्यात बिघाड होऊन दोन यंत्रं मागं पडली, यादीत एकटा पुढारी उरला. आता सर्व म्हणजे तो एकटाच! तो स्वतःच निरोप घेत राहिला आणि सर्वांच्या वतीनं पोच देत राहिला. सुमारे दहा मिनिटं हे चाललं आणि मग तोही पडला.

आयुष्यभर शब्दांशी झटणाऱ्या मला हे ऐकून चरकायला झालं. ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलेले ठराव आपण पाहिलेले आहेत. सभेला हजर किती होते, हे विचारायचं आपल्या लक्षात येत नाही.

हा धोका कुणाला माहीत नव्हता असं नाही. काईल किंग्जबरी या अमेरिकन अभियंत्यानं अशा यंत्रणांचं जाळं मुद्दाम तोडून त्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. २०१३ साली त्यानं काफ्काच्या बाबतीत जवळजवळ हाच प्रसंग दाखवून दिला होता. २०१५ साली त्यावर उपायही आला. सर्व म्हणजे किमान किती, हा आकडा सांगून ठेवता येऊ लागला. दोन सांगितला, तर एकट्या पुढाऱ्याला पोच देता येत नाही. तो सरळ नकार देतो. पण हा आकडा तुम्ही बदलला नाही, तर तो एक असतो. मुलीच्या कंपनीत तो कुणी बदललेला नव्हता. कागदावर नियम कडक होता आणि खाली फट उघडी होती.

पुढारी पडल्यावर दोन वाटा उरल्या होत्या. तो दुरुस्त होऊन उठेपर्यंत दुकान बंद ठेवायचं, किंवा मागं पडलेल्या नकलेला पुढारी करून दुकान लगेच उघडायचं आणि मधली दहा मिनिटं सोडून द्यायची. २०१७ पर्यंत काफ्का ही दुसरी वाट आपल्या मनानं घेई. त्यानंतर तो थांबतो आणि माणसानं ठरवावं म्हणतो. पुढारी कधी उठेल हे सांगता येत नव्हतं, नव्या मागण्या तर दारात उभ्या होत्या. मुलीच्या वरिष्ठांनी दुकान उघडायचं ठरवलं. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. पहाटे चार वाजता त्या खुर्चीत मी नव्हतो.

पैसे भरल्याची नोंद सुदैवानं वेगळीकडे होती. ती ताडून हरवलेल्या मागण्या शोधल्या आणि सकाळी मुलगी आणि तिचे सहकारी एकेकाला फोन करत बसले. एका वृद्ध गृहस्थांची इन्सुलिनची मागणी होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बाळ, तुमचा मागणी स्वीकारल्याचा मेसेज आला, म्हणून तर मी दुसरीकडून आणलं नाही. नाही आला असता, तर शेजारच्या पोराला पाठवलं असतं.’ मुलीनं फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. इन्सुलिन दुपारपर्यंत पोचलं. पण त्या वाक्यात मला सगळा विषय सापडला. पोच म्हणजे नुसतं ‘मिळाला’ असं सांगणं नाही. ‘आता तू निश्चिंत हो, तुझ्याजवळची प्रत टाकून दिलीस तरी चालेल’ असं ते वचन असतं. पोच न मिळालेला माणूस दुसरी वाट शोधतो. खोटी पोच मिळालेला माणूस घरी बसून राहतो.

यातला पक्का मार्ग आपल्या ग्रामसभेसारखा आहे. कोरम भरला तरच कामकाज, नाही तर सभा तहकूब. तीन यंत्रांत दोघांनी, पाचांत तिघांनी लिहून घेतलं, तरच पोच. बहुमताचा फायदा असा, की जाळं तुटून गटाचे दोन तुकडे झाले, तरी दोन्हीकडे बहुमत असूच शकत नाही. म्हणजे दोन पुढारी एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या ठरवू शकत नाहीत. याची राफ्ट नावाची सुबोध पद्धत ऑन्गारो आणि औस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडली. रॅबिटएमक्यूमध्ये पूर्वी नकलांची जुनी पद्धत होती. किंग्जबरी यांनी २०१४ सालीच तिची परीक्षा घेतली, तेव्हा पोच दिलेले निरोपही हरवत असल्याचं दिसलं. २०१९ साली तिथं बहुमतावर चालणारी नवी रांग आली आणि २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत जुनी पद्धत काढूनच टाकली गेली. काफ्कानंही २०२१ पासून ‘सर्वांची पोच’ हीच मुळातली रीत केली. आधी वेगाला मान देणारी यंत्रं अशी हळूहळू सावधपणाकडे वळली. याची किंमत आहेच. प्रत्येक निरोपाला थोडा उशीर होतो, आणि बहुमत नसेल तेव्हा यंत्रणा चक्क ‘नाही’ म्हणते. मला वाटतं, हे ‘नाही’ मोलाचं आहे.

एवढं करूनही एक कोडं उरतं. निरोप पोचला, पण पोचच वाटेत हरवली तर? पाठवणारा पुन्हा पाठवणार, आणि एकाचे दोन होणार. माझ्या बाबतीत हे घडलं आहे. एका दिवाळी अंकाकडे कविता धाडली, उत्तर आलं नाही, म्हणून दुसरीकडे धाडली. त्या दिवाळीत ती दोन्हीकडे छापून आली आणि दोन्ही संपादकांची बोलणी मी खाल्ली. यंत्रांत यावर उपाय असा, की प्रत्येक निरोपाला नंबर द्यायचा. घेणाऱ्यानं नंबर पाहावा आणि आधी घेतलेला असेल तर दुसरा गुपचूप सोडून द्यावा. काफ्कात ही सोय २०१७ साली आली. पण पैसे कापून घेणारा किंवा औषध बांधणारा रांगेबाहेरचा माणूस नंबर पाहणार नसेल, तर रांग बिचारी काय करील?

मग करावं काय? मुलगी सांगते, की सगळ्या निरोपांना एकच नियम लावणं हीच चूक. फोटो किती जणांनी पाहिला, याचे चार आकडे गळाले तर कुणाचं काही बिघडत नाही, तिथं वेग घ्यावा. पैसे, औषध, रक्ताचा रिपोर्ट यांना थांबायला लावावं, पण हरवू देऊ नये. आणि हे दुपारी, शांत डोक्यानं ठरवून लिहून ठेवावं. पहाटे चारची वेळ ते ठरवण्याची नव्हे.

शेवटी माझं एक नुकसान सांगतो. अम्मी गेली, त्या वर्षी तिच्या त्या खुशालीच्या पत्रांवर मी एक दीर्घ कविता लिहिली होती. एका मासिकाला पाठवली. आठवड्याभरात संपादकांचं कार्ड आलं, ‘कविता मिळाली. जरूर छापू.’ मला इतकं निश्चिंत वाटलं, की आवराआवरीत मी कच्चा कागद फाडून टाकला. पुढे मासिक बंद पडलं, कार्यालय हललं, कागदांचं काय झालं कुणालाच सांगता येईना. कविता पुन्हा लिहायला मी अनेकदा बसलो. ओळी येतात, पण त्या त्या नव्हेत, हे मला कळतं. ते कार्ड मात्र अजून माझ्याकडे आहे.

मुलीला हे मी त्या सकाळी सांगितलं. ती म्हणाली, ‘अब्बा, तुमच्याकडे पोच आहे आणि निरोप नाही.’ सुट्टी संपवून ती पुण्याला निघाली, तेव्हा उंबऱ्यापाशी मी अम्मीचंच वाक्य बोललो. रात्री फोनवर तिच्या दोन ओळी आल्या. ‘पोचले’ असं होतं, आणि खाली तिच्या खोलीच्या खिडकीचा फोटो. नुसत्या शब्दावर तिनं भागवलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)